'क'चा आकडा २३२५ की २२४?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: सभासद नोंदणीच्या फॉर्ममधून मराठी नाव येते. नावातल्या पहिल्या अक्षराचा आकडा काढून त्यावरून प्रोफाइलच्या गोल चिन्हाचा रंग ठरवायचा आहे. नाव देवनागरीतच लिहिले आहे ना, हेही त्याच आकड्यावरून तपासायचे आहे. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टचे चारकोडॲट 'क'साठी २३२५ देते, तर सर्व्हरवर पीएचपीचे ऑर्ड त्याच 'क'साठी २२४ देते. उलट दिशेने जाताना, म्हणजे आकड्यावरून अक्षर काढताना, पीएचपीच्या सीएचआरला २२४ दिला तर काळ्या शंकरपाळ्यात पांढरे प्रश्नचिन्ह उमटते आणि २३२५ दिला तर काहीच उमटत नाही. मग खरा आकडा कुठला?

(फंक्शनांची नावे मी बोलतो तशी देवनागरीत लिहितो आहे. एडिटरमध्ये ती नेहमीच्या स्पेलिंगनेच टाका, आणि कोडमधले आकडेही इंग्रजीच.)

दोन्ही आकडे खरे आहेत. दोन फंक्शने दोन वेगळ्या गोष्टी मोजताहेत आणि तुम्ही दोघांकडून एकाच उत्तराची अपेक्षा करताय, एवढीच गोम आहे. २३२५ हा 'क'चा यूनिकोडमधला, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या सामाईक तक्त्यातला, क्रमांक. त्याला कोडपॉइंट म्हणतात. देवनागरीला तिथे २३०४ ते २४३१ अशी १२८ घरे दिलेली आहेत. २३०९ ला 'अ', २३२५ ला 'क', २३६१ ला 'ह', २३६६ ला काना, २३८१ ला हलन्त, आणि २४०६ ते २४१५ मध्ये शून्य ते नऊ. हा क्रमांक कागदावरचा आहे. संगणकाच्या फाइलीत किंवा नेटवर्कच्या तारेतून तो जसाच्या तसा जात नाही, कारण तिथे सगळा व्यवहार बाइटचा असतो आणि एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच मावते.

तो क्रमांक बाइटमध्ये कसा बसवायचा याची एक रीत म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक या दोन प्रोग्रामरांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, टेबलावरच्या कागदी चटईवर ती आखली. आज जवळजवळ सगळे वेब तिच्यावर चालते. तिचे गणित एकदा हाताने करून बघा, पुढची निम्मी भांडणे मिटतील. २३२५ ला ६४ ने भागा. भागाकार ३६, बाकी २१. बाकीत १२८ मिळवले की १४९, हा शेवटचा बाइट. ३६ ला पुन्हा ६४ ने भागा. भागाकार शून्य, बाकी ३६. त्यात १२८ मिळवले की १६४, हा मधला बाइट. उरलेल्या शून्यात २२४ मिळवले की पहिला बाइट. म्हणजे 'क' डिस्कवर २२४, १६४, १४९ असा तीन बाइट होऊन पडतो.

पीएचपीचे ऑर्ड फक्त पहिला बाइट वाचते आणि थांबते. देवनागरीच्या कुठल्याही क्रमांकाला ६४ ने भागले तर भागाकार ३६ किंवा ३७ येणार, म्हणून पहिला बाइट कायम २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५. 'अ' द्या, 'ह' द्या, नुसती वेलांटी द्या, ऑर्ड २२४च म्हणणार. तुमच्या सर्व्हरवर सगळ्या सभासदांना एकाच रंगाचे गोल मिळत असतील ते यामुळेच. तुम्ही लिहिले नसले तरी माझी पैज आहे की तसेच होतेय.

आता उलटा प्रवास. सीएचआरला २२४ दिला की ते २२४ चा एकच बाइट काढते. ब्राउझर पुढच्या दोन बाइटांची वाट बघतो, ते येत नाहीत, मग तो हात टेकतो आणि ६५५३३ क्रमांकाचे चिन्ह दाखवतो. तेच ते शंकरपाळे. २३२५ दिला तर सीएचआर त्याला २५६ ने भागून बाकी घेते. बाकी २१. हे जुन्या टेलिप्रिंटरच्या काळचे नियंत्रणचिन्ह आहे, त्याला दिसायला रूपच नाही. म्हणून पडदा कोरा.

उपाय सोपा आहे. पीएचपी ७.२ पासून एमबी-ऑर्ड आणि एमबी-सीएचआर ही दोन फंक्शने आहेत. ती कोडपॉइंट घेतात आणि कोडपॉइंटच देतात. एमबी-ऑर्डला 'क' दिला की २३२५, एमबी-सीएचआरला २३२५ दिला की 'क'. पायथनमध्ये नेहमीचे ऑर्ड आणि सीएचआरच हे काम करतात, तिथे वेगळे काही शिकावे लागत नाही. एचटीएमएलमध्ये थेट आकड्याने अक्षर लिहायचे तर अँपरसँड, हॅश, २३२५ आणि सेमिकोलन. तिथेही चालतो तो कोडपॉइंटच, बाइट नव्हे.

बाइटांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक ओळख करून देतो. पानावर मराठीऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, त्याच्या शेजारी चार कोपऱ्यांना शेपट्या फुटलेले वर्तुळ, मध्येच जपानी येनचे चिन्ह, असा चिवडा कधी ना कधी तुम्ही पाहिला असेल. तो ए म्हणजे २२४, ते वर्तुळ म्हणजे १६४, येन म्हणजे १६५. यूटीएफ-८ चे अगदी धडधाकट बाइट कुणीतरी पश्चिम युरोपच्या जुन्या तक्त्याने वाचले, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी कोडमध्ये 'रूपांतर' करायला जाऊ नका. मजकूर बिघडलेला नसतो, त्यावरची चिठ्ठी चुकलेली असते. पानाच्या हेडरमधला कॅरसेट (बाइट कुठल्या तक्त्याने वाचायचे ते सांगणारी चिठ्ठी) बघा, डेटाबेसच्या जोडणीचा कॅरसेट बघा. घाईघाईने पीएचपीचे यूटीएफ-८-एन्कोड चालवले तर ते त्या तीन बाइटांना तीन स्वतंत्र अक्षरे समजून प्रत्येकाचे दोन बाइट करते. म्हणजे एका 'क'चे सहा बाइट, आणि आता मजकूर खरोखर बिघडला. ते फंक्शन पीएचपी ८.२ पासून मोडीत काढायच्या यादीत गेले आहे, तेही बरेच उशिरा, असे माझे मत. डेटाबेसमध्ये एका अक्षराला सहा-सहा बाइट दिसले तर आधीच्या कुणीतरी हा उद्योग केलाय हे ओळखायचे.

जावास्क्रिप्टचे चारकोडॲट बरोबर २३२५ देते म्हणून ते निर्धोक आहे असे मात्र समजू नका. ते देवनागरीपुरते योगायोगाने बरोबर आहे. यूनिकोड १९९१ मध्ये आले तेव्हा जगातली सगळी अक्षरे १६ बिटांत, म्हणजे ६५५३५ च्या आत मावतील असा हिशेब होता. जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये त्याच हिशेबावर बेतले गेले. १९९६ मध्ये यूनिकोडची दुसरी आवृत्ती आली आणि तिने कुंपण वाढवून ११,१४,१११ पर्यंत नेले. भाषा मात्र आतून १६ बिटांचीच राहिली. ६५५३५ च्या पुढचे अक्षर आले की ती त्याचे दोन तुकडे करून ठेवते. त्यांना सरोगेट म्हणतात आणि त्यांच्यासाठी ५५२९६ ते ५७३४३ हा पट्टा राखून ठेवला आहे.

याचे उदाहरण देताना सगळे इमोजी दाखवतात. आपल्याकडे त्याहून जवळचे उदाहरण आहे: मोडी. मोडी लिपी २०१४ मध्ये यूनिकोडच्या सातव्या आवृत्तीत आली, आणि तिची घरे ७११६८ पासून सुरू होतात. पहिल्याच घरात मोडीचा 'अ'. त्याचे तुकडे असे पडतात: ७११६८ मधून ६५५३६ वजा केले की ५६३२. त्याला १०२४ ने भागले की भागाकार ५, बाकी ५१२. पहिला तुकडा ५५२९६ अधिक ५, म्हणजे ५५३०१. दुसरा ५६३२० अधिक ५१२, म्हणजे ५६८३२. चारकोडॲटला हा 'अ' दिला तर ते ५५३०१ सांगते. हा आकडा कुठल्याच अक्षराचा नाही. लांबी विचारली तर दोन येते.

उलट दिशेने तर आणखी गंमत. फ्रॉमचारकोडला ७११६८ द्या. ते १६ बिटांच्या वरचे सगळे मुकाट कापून टाकते आणि ५६३२ उरतो. त्या घरात कॅनडातल्या आदिवासी भाषांसाठी वापरल्या जाणाऱ्या लिपीतले अक्षर आहे. पेशवे दप्तरातला 'अ' मागवला आणि कॅनडाहून पार्सल आले! चूक नाही, इशारा नाही, काही नाही. मोडी कागदांच्या डिजिटल सूचीचे काम करताना माझा एक अख्खा दिवस यात गेला. फॉन्टमध्येच दोष आहे असे समजून मी तीन वेगवेगळे फॉन्ट बसवून पाहिले होते.

म्हणून २०१५ च्या मानकात आलेली कोडपॉइंटॲट आणि फ्रॉमकोडपॉइंट हीच जोडी वापरा, आणि चारकोडॲट जुन्या कोडमध्ये वाचण्यापुरते लक्षात ठेवा. फ्रॉमकोडपॉइंटचा आणखी एक गुण असा की अशक्य आकडा दिला तर ते गप्प बसत नाही, सरळ एरर फेकते. एक सांभाळायचे: कोडपॉइंटॲटला जागा सांगताना ती अजूनही १६ बिटांच्या तुकड्यांतच मोजली जाते. मोडीच्या 'अ'वर जागा १ मागितली तर तुम्हाला ५६८३२ हा तुटका भाग मिळेल. तेव्हा एक-एक पुढे सरकणारे आकड्यांचे लूप लिहू नका. फॉर-ऑफ किंवा ॲरे-फ्रॉम वापरा, ती दोन्ही तुकडे जोडूनच हातात देतात.

हाच रोग डेटाबेसमध्येही आहे, आणि तिथे तो मराठी माणसाला जास्त फसवतो. मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ-८' या नावाने जे मिळायचे ते जास्तीत जास्त तीन बाइटांचे होते. देवनागरी नेमकी तीन बाइटांत बसते. त्यामुळे आमच्या पिढीने वर्षानुवर्षे त्यावर साइटी चालवल्या आणि काही बिघडले नाही. मग लोक प्रतिक्रियेच्या शेवटी हसरा चेहरा टाकू लागले. त्याचा क्रमांक १२८५१२, बाइट चार. झाले, त्या चेहऱ्यापासून पुढचा सगळा मजकूर गायब, नाहीतर सेव्ह करतानाच एरर. खरा यूटीएफ-८ तिथे यूटीएफ-८-एमबी-४ या नावाने २०१० मध्ये ५.५.३ पासून आला आणि ८.० पासून वेगळे काही न सांगता तोच मिळू लागला. जुना डेटाबेस हातात आला की टेबल, कॉलम आणि जोडणी या तिन्ही ठिकाणी हे नाव आहे का ते बघा. दोन ठिकाणी बदलून तिसरे विसरणे हा सर्वांत लोकप्रिय प्रकार.

इथपर्यंतचे सगळे जगातल्या कुणालाही सांगता आले असते. आता खास आपले.

कोडपॉइंट म्हणजे आपण शाळेत शिकलो ते अक्षर नव्हे. बाराखडीत 'कि' हे एक अक्षर. संगणकात ते दोन: २३२५ 'क' आणि २३६७ वेलांटी. लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो, साठवताना ती नंतर येते, कारण साठवणूक उच्चाराच्या क्रमाने आहे. 'मराठी' डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात, पण त्यात कोडपॉइंट पाच आहेत (२३५०, २३५२, २३६६, २३३६, २३६८) आणि बाइट पंधरा. 'ज्ञानेश्वर' तर दहा कोडपॉइंट आणि तीस बाइट. 'ज्ञ' आणि 'क्ष' यांना स्वतःचे घरच नाही. 'ज्ञ' म्हणजे ज, हलन्त, ञ अशी तिघांची जुळणी.

तेव्हा 'नावाचे पहिले अक्षर' म्हणून तुम्ही पहिला कोडपॉइंट घेतलात तर क्षितिजच्या गोलात 'क' येईल, श्रीकांतच्या गोलात 'श' आणि ज्ञानदाच्या गोलात 'ज'. ज्ञानदा तक्रार करणार, आणि तिचे बरोबर असेल. डोळ्यांना दिसणारे अक्षर काढायला जावास्क्रिप्टमध्ये इंटल-सेगमेंटर आहे, पीएचपीमध्ये इंटल एक्स्टेन्शनची ग्राफीम नावाने सुरू होणारी फंक्शने. फायरफॉक्समध्ये सेगमेंटर २०२४ मध्ये आला, बाकीच्यांकडे त्याआधीच होता. पण जोडाक्षर तोडू नये हा नियम यूनिकोडने २०२३ च्या १५.१ आवृत्तीत घातला. त्याआधीच्या प्रणालीवर सेगमेंटरही 'क्षि'चे 'क्' आणि 'षि' असे दोन तुकडे करतो. मी अजून हाताने एक तपासणी ठेवतो: तुकड्याच्या शेवटी २३८१ म्हणजे हलन्त असेल तर पुढचा तुकडा त्याला चिकटवायचा. चार ओळींचे काम आहे, आणि जुन्या फोनवर ज्ञानदा खूश राहते.

रंगासाठी म्हणाल तर पहिल्या अक्षराचा आकडा घेऊच नका. आपल्या नावांत स, अ, प यांची इतकी गर्दी असते की अर्धी यादी दोन-तीन रंगांत उरकते. पूर्ण नावातल्या सगळ्या कोडपॉइंटांची बेरीज करा, रंगांच्या संख्येने भागा, बाकी घ्या.

याला जोडून एक इशारा. इंग्रजीत 'ए' ६५ वर, 'झेड' ९० वर आणि मधली सगळी लागोपाठ, म्हणून आकड्यात एक मिळवला की पुढचे अक्षर, ही सवय सगळ्यांच्या बोटांत बसलेली असते. मराठीत 'क'पासून 'ह'पर्यंत २३२५ ते २३६१ असे लूप फिरवून सूचीच्या वरची अक्षरपट्टी करायला जाल तर ३७ अक्षरे मिळतील. आपली व्यंजने ३४. जादाची तीन म्हणजे 'न'च्या पुढचा नुक्तावाला, म्हणजे खाली टिंब असलेला, 'ऩ', 'र'च्या पुढचा 'ऱ' आणि 'ळ'च्या पुढचा 'ऴ'. शिवाय 'ळ' येतो 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये, जिथे तो आपल्या वर्णमालेत नाही. कोडपॉइंटची चढती भाजणी म्हणजे मराठी अकारविल्हे नव्हे. अक्षरपट्टी हाताने लिहा आणि यादी लावायला इंटल-कोलेटरला मराठी भाषा सांगून द्या.

ही घरे अशी का लागली, तर यूनिकोडने देवनागरीची मांडणी भारतातल्या इस्की या मानकावरून घेतली. तिथे सगळ्या भारतीय लिप्या एकाच साच्यात बसवलेल्या होत्या. त्याचा एक सुंदर उपफायदा आहे: देवनागरी क्रमांकात ३८४ मिळवले की गुजराती अक्षर मिळते, ८९६ मिळवले की कानडी. 'क' २३२५, गुजराती 'क' २७०९, कानडी 'क' ३२२१. नावांच्या कामचलाऊ लिप्यंतराला एवढे पुरते. १२८ मिळवून बंगालीत जाता येते, पण 'ळ' दिला तर रिकामे घर हाती लागते, कारण बंगालीत तो नाही. म्हणून बेरीज केल्यावर ते घर भरलेले आहे का हे आधी बघायचे.

आता 'नाव देवनागरीत आहे का' ही तपासणी. २३०४ ते २४३१ या पट्ट्याबाहेरचे सगळे नाकारायचे, असा तुमचा बेत दिसतो. त्यात कऱ्हाडे आणि गोऱ्हे आडनावाची माणसे अडकतील. कशी ते सांगतो, कारण मराठी मजकुरातला सर्वांत चिवट घोळ हाच आहे.

'कऱ्हाडे'तला तो अर्धचंद्रासारखा र तीन प्रकारे साठवलेला सापडतो. पहिला: २३५३ म्हणजे 'ऱ' आणि २३८१ हलन्त. दुसरा: २३५२ साधा 'र', २३६४ नुक्ता, २३८१ हलन्त. तिसरा: २३५२ साधा 'र', २३८१ हलन्त आणि ८२०५. हा ८२०५ म्हणजे झेडडब्ल्यूजे, शून्य रुंदीचा जोडक, डोळ्यांना न दिसणारा. तिन्ही पडद्यावर हुबेहूब सारखे दिसतात. पहिले दोन यूनिकोडच्या लेखी एकच आहेत. नॉर्मलाइझ (अशी समान रूपे एका रूपात आणणारे फंक्शन) चालवले की दोन्ही २३५३ वर येतात. तिसरा वेगळाच राहतो, नॉर्मलाइझ त्याला हात लावत नाही. म्हणजे एका कीबोर्डवरून नोंदवलेले आडनाव दुसऱ्या कीबोर्डवरून शोधले तर सापडत नाही, आणि तुमचा पट्टा ८२०५ ला परका समजून नाव नाकारतो. रेगेक्समध्ये (मजकूर तपासायच्या साच्यात) लिपी देवनागरी असे लिहिले तरी तेच होते, कारण ८२०५ कुठल्याच एका लिपीचा नाही.

यावर काही जण अदृश्य अक्षरे सरसकट पुसतात. मीही पुसली होती. डोंगरभटकंतीच्या एका मंडळाचे लेख नव्या साइटवर नेताना मी ८२०३, ८२०४ आणि ८२०५ एका ओळीत साफ केले. इंग्रजी पाने छान राहिली. मराठीत मात्र सह्याद्रीच्या 'दऱ्या' होत्या तिथे 'दर्या' झाला. घाटमाथ्यावरून खाली पाहिले तर खोल दर्या! मंडळाच्या एका काकांनी फोन करून विचारले, "अहो, आम्ही कोकणात कधी उतरलो?" पुसण्याऐवजी आता मी बदली करतो. र, हलन्त, ८२०५ ही तिकडी दिसली की तिच्या जागी २३५३ आणि २३८१ घालायचे, मग नॉर्मलाइझ, आणि त्यानंतर जे अदृश्य उरेल त्याचा विचार. हे नाव साठवतानाही करा आणि शोधतानाही. नुसते एकीकडे केले तर घोळ तसाच राहतो.

'ॲ'चीही अशीच तऱ्हा. 'ॲड.' लिहिताना कुणाकडून २४१८ हे एकसंध अक्षर येते, कुणाकडून २३०९ 'अ' आणि २३७३ चंद्र असे दोन, आणि हिंदी वळणाच्या कीबोर्डवरून २३१७. एकसंध 'ॲ' यूनिकोडमध्ये २००८ मध्ये आला, तोवर लोकांनी आपापले मार्ग काढले होते. नॉर्मलाइझ इथे काहीच मदत करत नाही. आपला तक्ता आपणच ठेवायचा. मी तिन्ही २४१८ वर आणतो.

जुन्या फॉन्टमधला मजकूर कधी अंगावर आला तर आकड्यांचे हे सगळे ज्ञान उलटे करून वापरावे लागते. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये साठवलेले असते इंग्रजी अक्षर आणि दिसते मराठी. तिथे 'डी'चा १०० म्हणजे 'क', 'के'चा १०७ म्हणजे काना. निव्वळ आकड्याला आकडा लावून भागत नाही, कारण तिथली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते आणि रफार शेवटी. वेलांटी उचलून पूर्ण जोडाक्षराच्या मागे न्यावी लागते, रफार उचलून पुढे आणावा लागतो. यावर वेगळे लिहावे लागेल, इथे नको.

आकड्यांचे आकडे मात्र आजच करून टाका. मराठी कीबोर्डवरून मोबाइल नंबर टाकणारा माणूस इंग्रजी 98 ऐवजी देवनागरी ९८ टाकतो आणि 'नंबर चुकीचा आहे' असा संदेश बघत बसतो. तुमच्याकडचे पार्सइंट त्याला 'संख्या नाही' ठरवते, पीएचपी शून्य करून ठेवते, रेगेक्समधला अंकाचा संकेत जावास्क्रिप्टमध्ये देवनागरी अंक ओळखत नाही. पायथन मात्र इंट करताना ते निमूट समजून घेते. उपाय एका ओळीचा: कोडपॉइंट २४०६ ते २४१५ मध्ये असेल तर त्यातून २३५८ वजा करा, इंग्रजी अंकाचा कोडपॉइंट मिळेल, कारण इंग्रजी शून्य ४८ वर आहे. आपल्याच लिपीत आकडे लिहिल्याबद्दल माणसाला लाल अक्षरांत दटावणारे फॉर्म बघितले की मला राग येतो. तो नंबर बरोबर असतो, कोड आळशी असतो.

दोन किरकोळ गोष्टी. मजकुराचे बेस-६४ (साध्या इंग्रजी वर्णांतले रूप) करणारे बीटूए हे फंक्शन २५५ च्या वरचा आकडा दिसताच एरर देते, म्हणून मराठी मजकूर आधी टेक्स्टएन्कोडरमधून बाइटांत आणा आणि मग बेस-६४ करा. वेबपानाच्या पत्त्यात मराठी घालायचे तर एन्कोड-यूआरआय-कंपोनंट वापरा. ते प्रत्येक बाइटचे टक्केचिन्ह आणि सोळाच्या पद्धतीतले (हेक्स) दोन अंक करते, म्हणजे 'क'चे नऊ आणि 'मराठी'चे पंचेचाळीस वर्ण. जुने एस्केप वापरू नका, ते टक्केचिन्हापुढे यू लावून स्वतःचीच वेगळी बोली बोलते आणि सर्व्हर ती ओळखत नाही. एसएमएस पाठवत असाल तर तिथे मराठीसाठी पुन्हा १६ बिटांचे तुकडे मोजले जातात: इंग्रजी संदेशात १६० वर्ण मावतात, मराठीत ७० तुकडे, आणि मराठी संदेशाचे एकाहून जास्त भाग झाले तर प्रत्येक भागात ६७.

पुन्हा कुठे अडलात तर पडद्याचा फोटो पाठवू नका. फोटोत तिन्ही 'कऱ्हाडे' सारखेच दिसतात. त्या मजकुरावर ॲरे-फ्रॉम चालवा, प्रत्येकाचा कोडपॉइंट काढा, मध्ये स्वल्पविराम देऊन ती ओळ पाठवा. २३५२, २३८१, ८२०५ असे दिसले तर काय करायचे ते वर आहेच. ओळीत २२४, १६४ असे काही दिसले तर आधी जोडणीचा कॅरसेट तपासून या.